त्रिपुरसुंदरीची हिरवी टाकी

मी रोज वही लिहिते. पूजा, जप, नैवेद्य, मग दुपारचं आवरून झालं की पानावर 'श्री' घालायचा आणि आदला दिवस उतरवायचा, हे लग्नापासून चालू आहे. परवा जुन्या वह्या झटकायला काढल्या आणि चाळत बसले. २००५ च्या दिवाळीपासून पुढची दोन वर्षं देवाखालोखाल माझ्या वहीत कुणाचं नाव आलं असेल तर ते त्रिपुरसुंदरीचं. कुठे नुसतं 'ती', कुठे 'बाईसाहेब'. एका पानावर तर पूर्ण नाव लिहून पुढचं 'सुंदरी' खोडून ठेवलंय. देवासमोर बसून लिहिलेल्या वहीत हे असं. म्हणून ठरवलं, तिच्याबद्दल एकदा पहिल्यापासून, सरळ लिहायचं.

आम्ही मूळचे मिरजेचे. माझे यजमान पुरुषोत्तम नोकरीसाठी चेन्नईला आले आणि अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्याचे व्यवस्थापक झाले. मोटारसायकलींची हँडलं तिथे लोखंडी नळ्या म्हणून येतात आणि आरशासारखी चकचकीत होऊन जातात. आत निकेलचा थर, वर क्रोमचा. निकेलची टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नकळत हात जोडले होते. पाचूसारखं हिरवं पाणी आणि वर तरंगणारी वाफ. हे हसले होते.

हँडलं टाकीतून वर काढली की त्यांच्या अंगाला लागून ते हिरवं पाणी थोडं बाहेर येतं. मग हँडलं साध्या पाण्यात धुवायची आणि ते धुवण कारखान्यामागच्या नाल्यात जायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. २००५ साली प्रदूषण मंडळाच्या लोकांनी त्या पाण्याची बाटली भरून नेली आणि नोटीस आली. पाण्यात निकेल फार आहे, सुधारा, नाहीतर टाळं लागेल. मालक राममूर्ती यांना सगळे मुदलाळी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. ते म्हणाले, पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र मला झेपणार नाही, एखादा स्वस्तातला केमिस्ट बघा. जाहिरातीला तिघं आले. दोघांनी पगार ऐकून चहासुद्धा घेतला नाही. तिसरी राहिली, ती त्रिपुरसुंदरी.

हे तिला पहिल्यांदा घरी घेऊन आले ते एका रविवारी, कसलेसे कागद बघायला. तंजावरकडची मराठी मुलगी आहे, तुला बोलायला सोबत होईल, असं यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला खरंच आनंद झाला होता. मी शिरा केला. दार उघडलं तर एक काळीसावळी, काटकुळी बाई उभी, पस्तिशीच्या आतली. वेणीत बोटभर अबोली, सुती साडी आणि दोन्ही मनगटं उघडी. एक काकण नाही. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामी, बरें आहांत ना?"

मामी. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. या गावात मानाने मामी म्हणतात हे मला ठाऊक होतं, तरी ते दिवसभर खुपत राहिलं. तिची मराठी ऐकून पोथीतलं कुणी बोलतंय असं वाटे. मधेच तमिळ शब्द, आणि वाक्याला तमिळसारखा हेल. काकणांचं मी विचारलंच. तिने हात पदराखाली घेतले आणि नुसती हसली. त्या दिवशी वहीत मी लिहिलंय, "हाताला काकण नाही. देवधर्म बेताचाच दिसतो."

शिरा मात्र तिने दोनदा मागून घेतला, हेही लिहिलंय.

तिचे वडील गुरुराज चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या वीजकेंद्रात कारकून होते. ती तिथेच वाढली. शाळेतल्या तिच्या मैत्रिणीचे वडील खाडीत जाळं टाकायचे, आई जाळी धुवायची. एके वर्षी त्या आईच्या हातांना फोड आले ते गेलेच नाहीत. पाण्यात काय आहे हे गल्लीत कुणालाच सांगता येईना, म्हणून ही रसायनशास्त्राकडे गेली. लग्न जमलं नाही की केलं नाही, ते मला माहीत नाही. आता बापलेक तांबरमला राहतात. रोज लोकल, मग बस, दीड तास जायला, दीड तास यायला. हे सगळं ती यांना सांगत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

मग घरात रोज रात्री जेवताना तेच सुरू झालं. त्रिपुराने आज हे केलं, त्रिपुरा असं म्हणाली. पहिल्यांदा तिने काय केलं, तर काहीच केलं नाही. आठ दिवस टाकीपाशी स्टूल टाकून बसली आणि बघत राहिली. हँडलांची चौकट वर काढली की नारायणस्वामी ती लगेच धुवायच्या पाण्यात बुडवतो, हे तिने टिपून घेतलं. नारायणस्वामी म्हणजे तिथला सगळ्यात जुना कारागीर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. तिचं म्हणणं एवढंच, की चौकट टाकीवरच थोडा वेळ लटकती ठेवा. थेंब परत टाकीत पडू देत. नाल्यातलं पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा ते घाण होऊच देऊ नये.

मुदलाळींनी भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. पंधरा सेकंद थांबायचं. दोन दिवस कामगारांनी घड्याळाकडे पाहिलं, तिसऱ्या दिवसापासून नाही. घामाघूम माणूस पाठीमागच्या भिंतीकडे वळून सेकंद कशाला मोजेल? तेव्हा हिने नारायणस्वामीला विचारलं, आजोबा, तुमचं दैवत कोण? तो म्हणाला, मुरुगा. मग बारा वेळा नाव घ्या आणि मगच चौकट हलवा. दुसऱ्याला त्याच्या गावदेवीचं, तिसरा ख्रिस्ती होता, त्याला त्याचं. ज्याने त्याने आपल्या देवाचं नाव घ्यायचं. घड्याळ गेलं, नाव राहिलं.

हे सांगताना यांचे डोळे चमकत होते. महिन्याला निकेलच्या क्षाराची दोन पोती कमी लागायला लागली. धुवायच्या पाण्याआधी तिने साध्या पाण्याची आणखी एक टाकी ठेवली, चौकट आधी तिच्यात बुडवायची. तिच्यातलं पाणी हिरवट झालं की ते परत निकेलच्या टाकीत ओतायचं, वाफेने कमी झालेलं भरून काढायला. नळ बारीक केला. मंडळाचे लोक सहा महिन्यांनी बाटली भरून घेऊन गेले, तेव्हा काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे पास, असं हे म्हणाले. आणि मग म्हणाले, "नामाची अशी ताकद मी पहिल्यांदा पाहिली बघ."

मी भाकरी वाढत होते. वीस वर्षं मी रोज एकशे आठ मण्यांची माळ ओढते आहे, याच घरात, यांच्या कानावर पडेल अशी. ती यांनी कधी पाहिली नव्हती. त्या बाईने कुणा दुसऱ्याकडून बारा वेळा म्हणवून घेतलं, ती नामाची ताकद.

पुढे ऋजुताही तिच्याकडे ओढली गेली. ऋजुता आमची एकुलती एक, अकरावीला होती, रसायनशास्त्रात कच्ची. हे म्हणाले, त्रिपुराकडे पाठवू या. शनिवारी कारखान्यात अर्धा दिवस असतो, तेव्हा तिथल्याच प्रयोगशाळेत जाऊन बसायची. माझी मुलगी माझ्याशी निम्मं इंग्रजी, निम्मं तमिळ बोलते, मराठी बोल म्हटलं की कंटाळते. ती आता घरात पाऊल टाकताच विचारायची, "काय करूलागलांत, मामी?" हुबेहूब तिच्या सुरात. बापलेक हसत सुटायचे. मी म्हटलं, आईला मामी म्हणतेस? तर म्हणाली, "आई, त्रिपुराअक्काची मराठी किती गोड आहे ना." वहीत त्या पानावर मी एवढंच लिहिलंय, "आज जपात लक्ष लागलं नाही."

आता खंडेनवमीचं सांगते. आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. यंत्रांना चंदन-कुंकू, केळीचे खांब, चुरमुरे, गूळ. कारखान्यातली पूजा पहिल्या वर्षापासून माझ्याकडे. सोवळ्याची रेशमी साडी नेसून, घरून पंचामृताचा गडू घेऊन मी जायची. प्रत्येक टाकीच्या काठावर हळद-कुंकू लावायची, नारायणस्वामी माझ्या मागून आरतीचं ताट धरायचा. वर्षातून तेवढा एक दिवस त्या जागेत माझं काही होतं.

२००७ साली आयुधपूजा शनिवारी आली, रविवारी दसरा. म्हणजे दोन दिवस काम बंद. मी पोचले तर कामगारांनी आधीच सगळं सजवलेलं, तिच्या प्रयोगशाळेच्या दारालासुद्धा झेंडूचा हार. ती हात जोडून पुढे आली आणि अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाली, "मामी, टाकीच्या आंत मात्र कांहीं पडूं देऊं नका. कुंकवाची चिमूट देखील नको. बाहेर हवें तितकें लावा."

सगळे ऐकत होते. मी नारायणस्वामीकडे पाहिलं. त्याने ताट घेऊन पाऊलभर मागे सरकून टाकीच्या बाहेरच्या पत्र्याकडे बोट केलं. बारा वर्षं जो माणूस माझ्या मागे चालला, तो तिच्या शब्दावर मागे सरला.

जन्मभर मी सोवळंओवळं पाळलं. कुणाची सावली पडली तरी पाणी बदललं. आणि त्या टाकीला आज माझा विटाळ होत होता.

पूजा मी केली. बाहेरच्या पत्र्यालाच कुंकू लावलं. आरती झाली, सगळे प्रसादाला पुढच्या अंगणात गेले. गडू न्यायचा राहिला म्हणून मी परत आत आले. टाकीवर झाकण होतं, पण कोपऱ्यात फटीइतकं उघडं. हीटर बंद, पाणी निवलेलं, शांत, हिरवंगार. मी कुणाला दाखवायला ते केलं नाही. मी मनात म्हटलं, हे देवाचं आहे, देवाच्या गोष्टीने कधी काही बिघडत नाही, बघू तिचं शास्त्र काय म्हणतं. आणि गडूतलं उरलेलं पंचामृत सगळं आत ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर. घरी येऊन मी आंघोळ केली. का केली ते मलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी हे जेवताना बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी ऋजुताने सांगितलं. हँडलांवर देवीच्या वणांसारखे खड्डे पडताहेत. निकेलचा थर नखाने सुटतोय. मोटारसायकल कंपनीने एक आख्खी लॉरी परत पाठवली.

मी यांना विचारलं, कशाने झालं असेल? यांनी सांगितलं ते असं. त्रिपुरा म्हणते, टाकीत काहीतरी तेलकट गेलंय. कोळशाची पूड घालून, ढवळून, गाळून घेतलं की ती पूड तेल ओढून घेते आणि टाकी वाचते, तीन दिवस लागतात. मुदलाळी म्हणतात, तेलकट आलं ते तुझ्याच धुवणातून. दोन वर्षं घाण पाणी टाकीत परत ओतायला लावलंस, त्याचं हे फळ. तीन दिवस थांबायला गिऱ्हाईक तयार नाही. शुक्रवारी सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, सगळं नाल्यात सोडायचं, नाहीतरी पाऊस चालू आहे, कुणाला कळणार नाही. नवी टाकी भरायची. धुवण परत ओतणं बंद. आणि बाईंनी महिनाअखेरीस दुसरीकडे बघावं.

"हजार लिटर," हे म्हणाले. "दोन वर्षं थेंब थेंब वाचवत आलो, आणि आता एका सकाळी एवढं सगळं नाल्यात जाईल."

मी विचारलं, ती काय म्हणाली? हे म्हणाले, काही नाही. सारखी गाळणीपाशी जाऊन उभी राहते.

गुरुवारी पहाटे मी माळ घेऊन बसले. बाराव्या मण्यापर्यंत पोचले की पुढे जाता येईना. परत पहिल्यापासून. परत बारा. मनातलं सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं, की एक मन म्हणत होतं, जाऊ दे की. महिनाअखेर ती जाईल, जेवताना नाव निघणार नाही, ऋजुता शनिवारी घरी राहील. गडूचं कुणालाच माहीत नाही. आणि दुसऱ्या मनाला सारखी ती एन्नोरची बाई दिसत होती, जाळी धुणारी. तिला मी पाहिलेलंही नाही.

दहा वाजता हे गेल्यावर मी बस धरली. अंगावर घरातली सुती साडी. कारखान्यात यायची पूजेवाचून माझी ती पहिलीच वेळ.

त्रिपुरसुंदरी गाळणीपाशीच होती. टाकीतलं पाणी सतत एका कापडी पिशवीतून गाळलं जातं, ती पिशवी उलटी करून ती धूत होती. बाह्या वर सरकवलेल्या. तेव्हा तिची मनगटं मी पहिल्यांदा जवळून पाहिली. लाल, सोललेली, खाजवून खाजवून कातडी जाड झालेली. निकेलची खाज. तिच्यावर काकण टेकवता येणार नव्हतंच. दोन वर्षं मी त्याला देवधर्म बेताचा म्हणत होते.

मी म्हटलं, "पंचामृत मी ओतलं. शनिवारी. गडूभर."

तिने पिशवी खाली ठेवली. हात पुसले. मग प्रयोगशाळेतून एक घडी केलेला गाळणीचा कागद घेऊन आली आणि उघडून दाखवला. आत तुळशीचं पान. काळपट हिरवं, कडक झालेलं, पण पानच. माझ्याच पंचामृतातलं.

"मंगळवारींच सांपडलें," ती म्हणाली. "मला वाटलें नारायणस्वामी. भाविक माणूस आहे. नांव सांगटलें असतें तर मुदलाळींनी त्याच दिवशीं काढला असता त्याला."

"म्हणून तू गप्प राहिलीस? तुझी नोकरी गेली असती."

"माझें वय आहे हो, मामी. त्याचें संपलें."

मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. खरं सांगायचं तर आधी आला तो जळफळाटच. कबूल करायला म्हणून मी बस धरून आले, तर इथेही ही माझ्या आधी पोचलेली, माझ्यापेक्षा मोठी होऊन बसलेली. माझ्या पापातसुद्धा चांगुलपणाचा वाटा तिचाच.

"चल," मी म्हटलं. "मुदलाळींकडे चल."

तिने नको म्हटलं. यांचं नाव खराब होईल म्हणाली. मी पुढे झाले, मग तिला यावं लागलं.

मुदलाळी खोलीत बसले होते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मागे भिंतीवर सगळे देव. हे समोर वह्या घेऊन उभे. मला पाहून दोघंही दचकले. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं. त्यात जेवढं जमलं तेवढ्यात मी सांगितलं, ओतलं मी, हिची चूक नाही, धुवणाची चूक नाही, नारायणस्वामीची नाही. यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मुदलाळींनी माझ्याकडे पाहिलं. सवाष्ण बाई, पूजेला आलेली, तिला काय बोलणार? शेवटी उसासा टाकून म्हणाले, ठीक आहे अम्मा, झालं ते झालं. त्रिपुरा राहील. पण टाकी तर बिघडली ना? गिऱ्हाईक दारात आहे. उद्या व्हॉल्व्ह उघडायचाच.

त्रिपुरसुंदरीने कागद पुढे केला, तीन दिवसांचा हिशेब, किती क्षार वाचेल, नाल्यात किती निकेल जाईल. त्यांनी तो बाजूला सारला. आकडे दोन दिवस बघतोय, म्हणाले. तिच्याजवळ आकड्यांपलीकडे काही नव्हतं.

माझ्याजवळ होतं.

मी म्हटलं, "मुदलाळी, त्या टाकीत पंचामृत आहे. देवाला दाखवलेलं. तुळशी घातलेलं. आता ते तीर्थ झालं. तुम्ही आयुधपूजेचं तीर्थ गटारात सोडणार का?"

पंचामृतम्, तुळसी, तीर्थम्. या तीन शब्दांना माझं तमिळ लागलं नाही. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या देवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेरच्या नाल्याकडे. त्रिपुरसुंदरी जमिनीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसू दाबत होती.

"तीन दिवस," मुदलाळी म्हणाले. "एक तास जास्त नाही. गिऱ्हाइकाला मी सांगतो, पूजेचं काम निघालं म्हणून."

इतकं समाधान मला सोळा सोमवारांच्या उद्यापनालाही झालं नव्हतं. जे तिच्या आकड्यांनी झालं नाही ते माझ्या गडूने झालं. ते बिघडवलंही माझ्याच गडूने, हे आठवायला मला दारापर्यंत यावं लागलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार. टाकी गरम केली, कोळशाची काळी पूड घातली, सगळ्यांनी आळीपाळीने ढवळलं. हे घरी यायचे ते शाईत बुडवल्यासारखे. माझ्याशी मोजकंच बोलायचे. रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा गाळून झालं होतं. टाकी परत पाचूसारखी. नारायणस्वामीने चौकट बुडवली, वर काढली, टाकीवर धरली. त्याचे ओठ हलत होते. बारा नावं मीही त्याच्याबरोबर मोजली, माझ्या देवाची. हँडल धुऊन त्याने माझ्यापुढे धरलं. एकही खड्डा नव्हता. त्यात माझा चेहरा लांबट दिसत होता.

गाळणीतला गाळ एका निळ्या पिंपात भरला होता, झाकणाचं, वर कवटीचं चित्र काढलेलं. हा गाळ कुठे उघड्यावर टाकायचा नाही, महिन्यातून एकदा खास गाडी येते आणि त्यासाठी बांधलेल्या जागी नेऊन पुरते, असं त्रिपुरसुंदरीने मला समजावलं. मग कागदाची ती घडी माझ्या हातात दिली. तुमचें पान, म्हणाली.

मी म्हटलं, घरी नेते. वृंदावनातल्या मातीत विरून जाईल.

तिने घडी माझ्या हातातून परत घेतली. "मातींत नको, मामी. चार दिवस निकेल प्यालें आहे तें. तुळशीला बाधेल."

एवढंसं पान. माझ्या अंगणातलं, माझ्या देवाचं, माझ्या हातून गेलेलं. त्याचं काय करायचं हेही तीच ठरवणार. क्षणभर मला पुन्हा तोच जुना चटका बसला, आणि तिला तो दिसला असावा, कारण तिने पिंपाचं झाकण उघडून धरलं आणि घडी माझ्याकडे केली. "तुम्हींच घाला."

मी पान त्या काळ्या गाळात सोडलं. तिने झाकण लावून पट्टी आवळली. आणि कवटीचं चित्र असलेल्या त्या निळ्या पिंपाला मी वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारी तीही वाकली.

त्या रात्री जेवताना हे पहिल्यांदा मोकळे बोलले. ऋजुताला सगळी हकीकत रंगवून सांगितली, तीर्थाचं माझं वाक्य सोडून बाकी सगळी. शेवटी म्हणाले, "त्रिपुराने टाकी वाचवली बरं का." मी आमटी वाढली. वहीत मात्र त्या तारखेला तिचं नाव पुरतं लिहिलंय, काही न खोडता, आणि खाली एक ओळ: 'तीर्थाचं मी सुचवलं होतं.'